संवादी दृश्य शैक्षणिक सॉफ्टवेअरची रचना

शिकणाऱ्याने पडद्यावर एखादी गोष्ट हलवावी आणि तिचा परिणाम त्याला तिथल्या तिथे दिसावा, अशा सॉफ्टवेअरची आखणी. १९६७ साली सेमोर पॅपर्ट, वॉली फॉयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी लोगो ही संगणकभाषा घडवली. पुढे तिला जोडलेले ‘कासव’ (आधी छोटे यंत्र, मग पडद्यावरची आकृती) मुलांच्या आज्ञेने चालत रेघा ओढू लागले. त्याच वाटेवर भूमितीसाठी जिओजेब्रा (२००१), विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठातील फेट (२००२) आणि ठोकळे जुळवून आज्ञावली लिहिण्यासाठी स्क्रॅच (२००७) आले.

रचनाकाराचा खरा कस लागतो तो मुलाच्या हाती काय द्यायचे हे ठरवताना. गोव्यातील खाजन शेतीचे उदाहरण घेऊ. मांडवी-जुवारी नद्यांच्या काठची ही शेते खाडीच्या भरतीच्या पातळीखाली असतात; बांध त्यांना खाऱ्या पाण्यापासून राखतो आणि बांधात मानस नावाचे लाकडी दार असते. भरतीला खाडीचे पाणी दार रेटून मिटवते, ओहोटीला आतले पाणी ते उघडते. हे पडद्यावर आणताना दारासाठी बटण ठेवण्याचा मोह होतो. ते ठेवले की सगळा मुद्दाच हरवतो, कारण दार पाण्याच्या दाबाने चालते, माणसाच्या हाताने नव्हे. मुलाला सरकपट्टी द्यावी ती खाडीच्या पातळीची. दोन्हीकडचे पाणी एकाच उभ्या छेदात दाखवावे, म्हणजे कोणती बाजू चढली हे डोळ्यांनीच कळते. त्याहून मोलाचे म्हणजे, पट्टी सरकवण्याआधी ‘आता दार कुठे असेल?’ असे विचारून मुलाला ते बोटाने काढायला लावावे. स्वतःचा अंदाज चुकलेला दिसला की मूल कारण शोधू लागते.

शब्द चित्राला चिकटून हवेत. कोपऱ्यातल्या सूचीकडे नजर धावली की विचार तुटतो. देवनागरीतील मात्रा व जोडाक्षरे छापील पुस्तकासारखी मोकळी, ठसठशीत दिसली पाहिजेत. मराठी माध्यमातल्या, गोव्यातील डिचोली-सत्तरी तालुक्यांतल्या मुलाच्या घरची बोली बहुधा कोंकणी असते. म्हणून ‘मानस’, ‘खाजन’ हे शब्द तसेच ठेवावेत, ‘जलद्वार’ करू नये.

चाचणी घेताना मुलाशेजारी गप्प बसावे आणि त्याचे बोट आधी कुठे जाते ते टिपावे. बोट दारावरच जात असेल तर पट्टी पुरेशी उठून दिसत नाही.