जोतिबाचा वार रविवारच का?

माघातल्या रविवारी पहाटे चारच्या सुमारास शिवाजी पुलावर जाऊन बघा, अख्खं कोल्हापूर अनवाणी निघालेलं असतं. वडणगे, निगवे, कुशिरे करत गायमुखावरनं वर जोतिबाच्या डोंगरावर, असे पाच रविवार, याला आपल्याकडं खेटे म्हणतात. यंदा ऑफिसातल्या बाहेरगावच्या एका मित्रानं विचारलं, रविवारी सुट्टी असते म्हणून तो वार धरलाय का? त्याला तिथं नीट सांगता आलं नाही म्हणून हे लिहितोय.

तर आधी हे, की वार जुना आहे आणि सुट्टी नवी. गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांनी लढून मिळवली, आणि रविवार हा खंडोबाचा वार, त्या दिवशी कामगाराला देवाचं करायला मोकळीक पाहिजे हे पण त्या मागणीमागं होतं असं सांगतात. म्हणजे देवाच्या वारावर सुट्टी बसलीय, सुट्टीवर देव नाही.

आता खरा प्रश्न पुढं आहे. जोतिबा म्हणजे केदारनाथ, शंकराचं रूप. मूर्ती चार हातांची, हातात त्रिशूळ, डमरू, खड्ग आणि पात्र. शंकराचा वार सोमवार हे शेंबडं पोरगं पण सांगंल, मग इथं रवीचा वार कसा आला?

मला वाटतं उत्तर नावातच आहे. जोतिबा, ज्योतिबा, काही लिहा, आत ज्योत आहेच. कथा अशी की पौगंड ऋषी आणि विमलांबुजा यांना मूल नव्हतं, त्यांनी तप केलं आणि देव ज्योतीच्या रूपात प्रकटला, पुढं त्यानं रत्नासुराला मारलं आणि डोंगराला वाडी रत्नागिरी नाव पडलं. हा देव पिंडीतनं नाही, उजेडातनं आलाय. आणि शंकर-सूर्य ही जोडी काय कोल्हापूरनं नव्यानं जुळवलेली नाही, शंकराच्या अष्टमूर्तीत, म्हणजे आठ रूपांत, पंचमहाभूतं, चंद्र, यजमान (यज्ञ करणारा) यांच्याबरोबर सूर्य आहेच. जेजुरीचा खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, त्यातला मार्तंड म्हणजे सूर्य आणि भैरव म्हणजे शंकर, त्याचाही वार रविवारच. लोकदैवतांचे अभ्यासक अजून एक धागा दाखवतात तो रेवंताचा, हा सूर्याचा मुलगा, सूर्य आणि संज्ञा घोडा-घोडीच्या रूपात असताना झालेला, कायम घोड्यावर बसून शिकारीला निघालेला. जोतिबाचं वाहन पण घोडाच. शंकराचा नंदी असताना जोतिबाला घोडा का, याचं यापेक्षा बरं उत्तर मला तरी कुठं मिळालेलं नाही.

दगडाचा इतिहास मात्र बराच अलीकडचा आहे. मूळ देऊळ नावजी नावाच्या भक्तानं बांधलं अशी परंपरा, आज दिसतंय ते १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलेलं. शेजारचं रामलिंगाचं १७८० च्या आसपासचं, आणि केदारेश्वराचं १८०८ साली दौलतराव शिंद्यांनी उभं केलेलं, त्याच्यापुढं काळ्या दगडाचे दोन नंदी. एकाच आवारात घोड्याचा देव पण आणि नंदीचा पण. हे नंदी एकदा जवळ जाऊन बघा, गळ्यातल्या कोरलेल्या माळांच्या खाचेत इतका गुलाल बसलाय की दगड काळा आहे हे बोटानं घासल्याशिवाय कळत नाही.

शिंद्यांचं हे कुलदैवत. घराणं मूळ साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं, पुढं पार ग्वाल्हेरला गेलं, राज्य केलं, पण त्यांच्या मुद्रेत ‘ज्योतिस्वरूप’ देवाचं नाव राहिलं आणि ग्वाल्हेरच्या राजचिन्हात नागाबरोबर सूर्य पण आहे. तो सूर्य वाडी रत्नागिरीवरनंच गेला असं मी म्हणणार नाही, पण डोंगरावर उभं राहून हे आठवलं की अंगावर काटा येतो एवढं खरं.

आणि खेटे का, तर केदारनाथ काम संपवून हिमालयाकडं परत निघाले तेव्हा अंबाबाई कोल्हापुरातनं अनवाणी चालत डोंगरावर गेली आणि त्यांना थांबवून घेतलं, अशी श्रद्धा. आपण चालतो ते तिच्या मागनं. अंबाबाईच्या देवळात पण वर्षातनं दोनदा, जानेवारीच्या शेवटाला आणि नोव्हेंबरात, मावळतीची किरणं महाद्वारातनं आत येतात, पायापासून चढत चेहऱ्यापर्यंत जातात, तो किरणोत्सव सगळ्यांना ठाऊक आहे, टीव्हीवर पण दाखवतात. डोंगरावरच्या उजेडाचं तेवढं नाव होत नाही, तिथं फक्त वार पाळतात.

आमची आत्या सत्तरीची, अजून पाचही खेटे घालते. गायमुखाच्या वर चढणीला लागलं की साधारण उजाडायला येतं, तिथं ती दरवेळी थांबते, पदर सावरून उगवतीकडं हात जोडते, मग वळून शिखराकडं बघून चांगभलं म्हणते. मी एकदा विचारलं, आत्या, देव तर वर हाय, इकडं कुणाला नमस्कार? म्हणाली, ‘आरं त्योच की,’ आणि चालायला लागली.