मुलांसाठी प्रोबायोटिकची निवड

पुरेशा प्रमाणात दिल्यावर आरोग्याला फायदा करणारे जिवंत सूक्ष्मजीव म्हणजे प्रोबायोटिक. ही व्याख्या जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञांनी २००१ मध्ये मांडली. मुलांसाठी प्रोबायोटिक निवडताना आधी तक्रार ठरवावी लागते. मग त्या तक्रारीवर तपासलेला स्ट्रेन (म्हणजे प्रजातीतला ठरावीक उपप्रकार), त्याची मात्रा आणि दिवस पाहायचे. ‘पचनासाठी’ किंवा ‘प्रतिकारशक्तीसाठी’ असे मोघम लिहिलेले उत्पादन ठणठणीत मुलाला रोज देण्याला ठोस आधार नाही.

स्ट्रेन. एकाच प्रजातीतले दोन स्ट्रेन वेगवेगळे वागतात. लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी या स्ट्रेनवर मुलांमध्ये भरपूर अभ्यास झाला आहे, पण ते निष्कर्ष ऱ्हॅम्नोससच्या दुसऱ्या स्ट्रेनला लावता येत नाहीत. म्हणून लेबलवर प्रजातीच्या नावापुढे स्ट्रेनची अक्षरे किंवा आकडे हवेतच, उदाहरणार्थ ‘जीजी’ किंवा ‘डीएसएम १७९३८’. ते नसतील तर ते उत्पादन बाजूला ठेवावे. २०२० मध्ये लॅक्टोबॅसिलस या प्रजातिगटाची फेररचना झाल्यामुळे नव्या वेष्टनांवर लॅक्टिकेसीबॅसिलस ऱ्हॅम्नोसस किंवा लिमोसिलॅक्टोबॅसिलस रॉयटेरी अशी नावे दिसतात. जीवाणू तेच आहेत.

मात्रा सीएफयूमध्ये, म्हणजे वाढू शकणाऱ्या जिवंत पेशींच्या संख्येत मोजतात. हा आकडा ‘उत्पादनाच्या वेळी’चा आहे की मुदत संपेपर्यंतचा, हे लेबलवर शोधावे. साठवणीत पेशी मरत जातात, त्यामुळे मुदतीअखेरची हमी असलेला आकडाच उपयोगाचा. दहा-बारा प्रजातींचे मिश्रण एका तपासलेल्या स्ट्रेनपेक्षा सरस ठरते असे नाही. ते नेमके मिश्रण मुलांमध्ये तपासलेले असेल तरच त्याचा विचार करावा.

कोणत्या तक्रारीला काय. सर्वांत भक्कम आधार आहे तो अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी. यासाठी ऱ्हॅम्नोसस जीजी किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी, दिवसाला किमान ५ अब्ज सीएफयू, अँटिबायोटिकच्या पहिल्याच दिवसापासून सुरू करतात आणि कोर्स संपेपर्यंत देतात. जुलाब लागल्यावर सुरू केले तर टाळण्याची संधी गेलेली असते. बुलार्डी हे यीस्ट असल्याने जीवाणूंवरच्या अँटिबायोटिकने मरत नाही. जीजी मात्र जीवाणू आहे. त्याच्या आणि अँटिबायोटिकच्या डोसात साधारण दोन तासांचे अंतर ठेवावे. मुलाला बुरशीविरोधी औषध चालू असेल तर बुलार्डी निरुपयोगी ठरते.

अचानक लागलेल्या जुलाबांबाबत तज्ज्ञांत मतभेद आहेत. युरोपीय बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनेच्या मते जीजी (दिवसाला किमान १० अब्ज, ५ ते ७ दिवस) किंवा बुलार्डी (दिवसाला २५० ते ७५० मिलिग्रॅम, तितकेच दिवस) देता येते. फायदा झालाच तर आजार साधारण एक दिवस आधी आटोपतो. २०१८ मध्ये अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत मात्र प्रोबायोटिक घेतलेल्या व न घेतलेल्या मुलांत फरक आढळला नाही. कॅनडातले मिश्रण वेगळे होते, पण अमेरिकेतल्या चाचणीत जीजीच वापरले होते, त्यामुळे हा निकाल झटकून टाकता येत नाही. खरा उपचार ओआरएस आणि झिंक हाच आहे (झिंक सहा महिन्यांच्या आतील बाळाला दिवसाला १० मिलिग्रॅम, त्यापुढे २० मिलिग्रॅम, १० ते १४ दिवस). प्रोबायोटिकच्या पुडीवर भिस्त ठेवून ओआरएस मागे पडणे, ही या सगळ्यातली सर्वांत महागात पडणारी चूक.

स्तनपान घेणारे निरोगी बाळ दिवसातून तासन्तास कळवळून रडत असेल, म्हणजे कॉलिक असेल, तर रॉयटेरी डीएसएम १७९३८ हा स्ट्रेन दिवसाला १० कोटी सीएफयू, किमान २१ दिवस देऊन पाहतात. वरच्या दुधावरच्या बाळांसाठी पुरावा अपुरा आहे. हे थेंब तेलात असतात आणि जीवाणू बाटलीच्या तळाशी बसतात. बाटली न हलवता दिले तर सुरुवातीच्या डोसात नुसते तेलच जाते, आणि ‘काहीच फरक पडला नाही’ असे वाटते.

बद्धकोष्ठतेसाठी प्रोबायोटिकची शिफारस नाही.

देताना. पावडर कोमट किंवा गार पाण्यात, दुधात कालवून लगेच पाजावी. गरम दुधात जीवाणू आणि यीस्ट दोन्ही मरतात. ती बाटलीभर दुधात मिसळू नये, कारण बाळाने अर्धे सोडले तर डोसही अर्धाच जातो. एक-दोन चमचे दूध किंवा पाणी पुरते. लहान मुलाला कॅप्सूल गिळायला देऊ नये, घशात अडकते. फ्रिजमध्ये ठेवायचे उत्पादन २ ते ८ अंशांत ठेवावे, प्रवासातही. दुधाच्या प्रथिनाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी घटकांची यादी शेवटपर्यंत वाचावी, कारण काही उत्पादनांत त्याचा अंश असतो. सुरुवातीला थोडे गॅस होतात. बंद केल्यावर हे सूक्ष्मजीव काही दिवसांत शौचावाटे निघून जातात, ते आतड्यात कायमचे वस्ती करत नाहीत.

कोणाला देऊ नये. प्रतिकारशक्ती खालावलेली मुले, आतड्याचा मोठा भाग काढलेली मुले आणि गंभीर आजारी मुले यांना तज्ज्ञाच्या देखरेखीशिवाय प्रोबायोटिक देऊ नये. हे सूक्ष्मजीव क्वचित रक्तात शिरून जंतुसंसर्ग करतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळांबाबत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२३ मध्ये असाच इशारा दिला. मोठ्या रक्तवाहिनीत नळी असलेल्या मुलाला बुलार्डी देत नाहीतच, शिवाय त्याच्या खाटेजवळ दुसऱ्या रुग्णासाठीची पुडीही फोडत नाहीत: पावडरीचे कण हवेतून किंवा हातांवरून त्या नळीपर्यंत पोहोचतात.