आर्केड कॅबिनेटचा घरगुती बेझल

आर्केड कॅबिनेटमध्ये, म्हणजे उभं राहून खेळायच्या व्हिडिओ गेमच्या पेटीत, मॉनिटरची कड आणि बाजूच्या फळ्या यांच्यात जी मोकळी जागा उरते ती झाकणारी काळी चौकट म्हणजे बेझल. आतल्या वायरी, स्क्रू, मॉनिटरची प्लॅस्टिक फ्रेम यातलं काही दिसू नये आणि नजर थेट गेमवर राहावी एवढंच त्याचं काम, पण तो नसेल तर कितीही मेहनत घेतलेलं कॅबिनेट खोक्यात ठेवलेल्या कॉम्प्युटरसारखं दिसतं.

पुठ्ठ्याचा बेझल म्हणजे पैसे वाचवायची तडजोड, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं अजिबात नाहीये. १९८०च्या दशकातल्या कितीतरी ओरिजिनल कॅबिनेटमध्ये पिक्चर ट्यूबभोवती दुमडलेला काळा पुठ्ठाच असायचा, त्याच्यावर काच नाहीतर ॲक्रेलिक, आणि बऱ्याचदा चित्रं त्या काचेच्या मागच्या बाजूने छापलेली. त्यामुळे पुठ्ठा वापरणारा माणूस मूळ पद्धतीच्या जवळच असतो.

१९९७ मध्ये माम हा एम्युलेटर (जुने आर्केड गेम कॉम्प्युटरवर चालवणारं सॉफ्टवेअर) आला, २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा छोटासा स्वस्त कॉम्प्युटर, आणि घरी कॅबिनेट बनवणं आवाक्यात आलं. आपल्याकडे नव्वदीत गल्लीतल्या पार्लरमध्ये नाणं टाकून 'मुस्तफा' खेळलेली पिढी (गेमचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स, कॅपकॉम, १९९३) आता हे करू शकते, त्यात ऑफिसातून निघालेला १९ इंची चौकोनी एलसीडी स्वस्तात मिळतो आणि तो या कामाला फार छान.

खरी गोम मापात आहे. या १९ इंची स्क्रीनची दिसणारी जागा साधारण ३७६ बाय ३०१ मिमी, म्हणजे ५:४, पण बरेचसे जुने गेम ४:३ चे, म्हणून चित्राची उंची २८२ मिमीच भरते आणि वरखाली साडेनऊ मिमीच्या रिकाम्या पट्ट्या राहतात. बेझलमधली खिडकी ३७६ बाय २८२ कापली की त्या पट्ट्या बेझलखाली जातात. २४ इंची वाइड (१६:९) मॉनिटर असेल तर दोन्ही बाजूंना प्रत्येकी ६६ मिमीच्या आसपास झाकावं लागतं. पॅकमॅनसारख्या उभ्या गेमसाठी मॉनिटर आडवा न ठेवता उभा फिरवतात, मग खिडकीही उभीच.

सपाट चौकट सोपी, पण उतरता बेझल जास्त देखणा. समजा स्क्रीनच्या कडेपासून फळीपर्यंत अंतर ८० मिमी आणि काच स्क्रीनच्या ६० मिमी पुढे, तर उताराची पट्टी १०० मिमी रुंद लागते, शाळेतला पायथागोरसच हा. अशा चार पट्ट्या, आतली कड खिडकीएवढी, बाहेरची त्याहून १६० मिमी लांब, आणि मागून कापडी टेपने जोडायच्या. आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा नमुना कापून बसवून बघा, मगच चांगल्या मटेरियलला हात लावा.

मटेरियल म्हणजे फोटो फ्रेमवाल्याकडचा काळा माउंट बोर्ड, किंवा नंबरप्लेट-बोर्डवाल्यांकडचा ३ मिमी सनबोर्ड (फोमचा हलका बोर्ड). स्टीलची पट्टी धरून, नवीन ब्लेड लावून, हलक्या हाताने तीन-चार वेळा कटर फिरवायचा, एका दमात दाबून कापायला गेलं की कोपरा फाटतो. माउंट बोर्डला कापल्यावर आतली पांढरी कड दिसते, अंधारात तर ती फारच खुपते, तिच्यावर काळा मार्कर फिरवायचा. रंग मॅटच हवा, चकचकीत काळ्यात चित्राचं प्रतिबिंब पडतं.

सपाट बेझल स्क्रीनला जितका चिकटून तितका बरा. खेळणारा उभा राहून वरून बघतो, त्यामुळे मध्ये फट राहिली तर वरची कड चित्राचा वरचा भाग खाते आणि स्कोअर नेमका तिथेच असतो. म्हणून माप खेळायच्या जागी उभं राहून तपासायचं, घरात लहान मुलं असतील तर त्यांच्या उंचीवरूनही.

मॉनिटर जुना ट्यूबचा असेल तर मात्र जपून, बंद केल्यावरही ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा चार्ज राहू शकतो, तिथे जाणकाराशिवाय मागे हात घालायचा नाही. एलसीडीला ती भीती नाही, बेझल वेल्क्रोने लावायचा म्हणजे उद्या मॉनिटर बदलायचा झाला तर सगळं उचकटावं लागत नाही.