द डेव्हिल वेअर्स प्राडा 2

'रनवे' या काल्पनिक फॅशन मासिकाभोवती फिरणाऱ्या 2006 सालच्या अमेरिकन विनोदी चित्रपटाचा पुढचा भाग. दिग्दर्शक डेव्हिड फ्रँकल आणि पटकथाकार अलिन ब्रॉश मॅकेना हे दोघेही पहिल्याच चित्रपटाचे. मेरिल स्ट्रीप (संपादिका मिरांडा प्रीस्टली), ॲन हॅथवे (तिची एकेकाळची सहायक अँडी सॅक्स), एमिली ब्लंट (मिरांडाची एकेकाळची ज्येष्ठ सहायक एमिली) आणि स्टॅनली टूची ('रनवे'चा कला-दिग्दर्शक नायजेल) यांनी जवळपास वीस वर्षांनी आपापल्या भूमिका पुन्हा हाती घेतल्या. निर्मिती ट्वेंटिएथ सेंच्युरी स्टुडिओजची. प्रदर्शनासाठी 1 मे 2026 ही तारीख जाहीर झाली.

या कथेचे मूळ लॉरेन वाइसबर्गर यांच्या 2003 सालच्या कादंबरीत आहे. वाइसबर्गर यांनी 'व्होग' या फॅशन मासिकाच्या तत्कालीन संपादिका ॲना विंटूर यांच्या सहायक म्हणून काम केले होते, त्यामुळे मिरांडा म्हणजे कोण, हे न्यूयॉर्कमध्ये कोणाला विचारावे लागले नाही. विंटूर यांची नाराजी ओढवू नये म्हणून अनेक नामवंत डिझायनर पहिल्या चित्रपटात पडद्यावर यायला तयार झाले नाहीत. व्हॅलेंटिनो मात्र स्वतःच्याच भूमिकेत दिसले. खुद्द विंटूर चित्रपटाच्या खास खेळाला प्राडाचाच पोशाख घालून आल्या; या सगळ्या प्रकरणातला सर्वांत सफाईदार विनोद बहुधा हाच.

कादंबरीतली संपादिका छळवादी आहे आणि छळवादीच राहते. पहिल्या चित्रपटाने तिला बुद्धी दिली. अँडी कमरेच्या दोन पट्ट्यांमधला फरक न कळून हसते, तेव्हा मिरांडा तिच्या ढगळ निळ्या स्वेटरचा प्रवास उलगडून दाखवते: हा रंग आधी बड्या डिझायनरच्या संग्रहात आला, मग इतरांनी उचलला, दुकानांतून झिरपत खाली गेला आणि शेवटी सवलतीच्या ढिगात तुझ्या हाती लागला. आपण फॅशनच्या बाहेर आहोत असे मानणारी मुलगीही याच खोलीतल्या माणसांनी निवडलेला रंग ल्याली आहे. हे भाषण आजही फॅशनच्या वर्गांत आणि लेखांत उद्धृत होते. स्ट्रीप यांनी ते आवाज न चढवता म्हटले आहे. हळू बोलून दरारा निर्माण करण्याची ही रीत आपण क्लिंट ईस्टवूड यांच्याकडून घेतली, असे त्यांनी पुढे सांगितले. सुमारे 3.5 कोटी डॉलर खर्चाचा हा चित्रपट त्याच आठवड्यात लागलेल्या नव्या सुपरमॅनपटासमोर उभा राहिला आणि जगभरात सुमारे 32.6 कोटी डॉलर कमावून गेला. स्ट्रीप यांना अभिनयासाठी, तर पॅट्रिशिया फील्ड यांना वेशभूषेसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले.

इतके यश मिळाल्यावर दोन-तीन वर्षांत पुढचा भाग काढणे ही हॉलिवूडची रीत. इथे तसे घडले नाही. वाइसबर्गर यांनी 2013 साली कादंबरीचा पुढचा भाग लिहिला. त्यात अँडी आणि एमिली मिळून लग्नसमारंभांविषयीचे मासिक चालवतात. 2018 सालची तिसरी कादंबरी एमिलीभोवती फिरते. एल्टन जॉन यांच्या संगीतावर उभे राहिलेले संगीत नाटक 2022 मध्ये शिकागोत आणि 2024 मध्ये लंडनमध्ये रंगमंचावर आले. चित्रपट मात्र रखडला. दरम्यान 2019 मध्ये फॉक्स स्टुडिओ डिस्नेच्या ताब्यात गेला आणि पहिला चित्रपट काढणारा 'फॉक्स 2000' हा विभाग बंद झाला. नव्या भागावर काम सुरू असल्याची बातमी आली ती जुलै 2024 मध्ये.

हा विलंब चित्रपटाच्या पथ्यावरच पडला, असे म्हणायला जागा आहे. 2008 किंवा 2009 मध्ये तो निघाला असता तर तीच मिरांडा, सहायकांच्या टेबलावर तेच फेकलेले कोट आणि एक नवी रडवेली सहायक, याहून वेगळे काही हाती लागणे कठीण होते. तेव्हा मासिकांची सद्दी संपलेली नव्हती. 2007 मध्ये 'व्होग'ची भारतीय आवृत्ती मुंबईतून निघू लागली आणि त्याच वर्षी अमेरिकन 'व्होग'चा सप्टेंबर अंक 840 पानांचा होता. त्यातली बहुतेक पाने जाहिरातींची. मिरांडाच्या थंड नजरेमागचे बळ या पानांत होते. कोणता पोशाख छापायचा हे ती ठरवी, आणि छापून येण्यासाठी कंपन्या पैसे मोजत. 2010 मध्ये इन्स्टाग्राम आले आणि ब्रँडना ग्राहकापर्यंत पोहोचायला संपादिकेच्या दारातून जाण्याची गरज उरली नाही. 'व्होग' चालवणाऱ्या काँडे नास्टनेच 'ग्लॅमर', 'अल्युअर' यांसारख्या मासिकांचे नियमित छापील अंक एकामागून एक बंद केले.

नव्या भागाचे कथासूत्र इथूनच निघते. छापील मासिकांना घरघर लागली आहे, मिरांडा कारकिर्दीच्या अखेरीला पोहोचली आहे आणि एमिली एका बड्या लक्झरी समूहात अधिकाराच्या जागी आहे. मिरांडाला हव्या असलेल्या जाहिरातींचा पैसा एमिलीच्या हातात आहे. जी एकेकाळी आपल्या हाताखाली राबली, तिच्याच दारात जाण्याची ही पाळी. वाइसबर्गर यांच्या दुसऱ्या कादंबरीपेक्षा हे सूत्र निराळे आहे, आणि अधिक धारदारही.

चित्रीकरण 30 जून 2025 रोजी न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. त्याच्या काही दिवस आधीच विंटूर यांनी अमेरिकन 'व्होग'चे मुख्य संपादकपद सोडत असल्याचे जाहीर केले होते. कंपनीतली जागतिक पातळीवरची जबाबदारी त्यांनी स्वतःकडेच ठेवली. न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर छायाचित्रकारांची इतकी गर्दी झाली की अँडीचे कितीतरी पोशाख पहिली झलक येण्याआधीच लोकांना पाठ झाले. वेशभूषा आता फील्ड यांच्या दीर्घकाळच्या सहकारी मॉली रॉजर्स यांच्याकडे आहे. सप्टेंबरमध्ये मिलानच्या फॅशन सप्ताहात स्ट्रीप आणि टूची मिरांडा-नायजेलच्या वेशात 'डोल्चे अँड गबाना'च्या खऱ्याखुऱ्या शोमध्ये पहिल्या रांगेत जाऊन बसले. विंटूरही त्या शोला हजर होत्या. ज्या चित्रपटापासून डिझायनर एकेकाळी अंग चोरत होते, त्याला या वेळी थेट मानाची खुर्ची मिळाली.

नव्या कलाकारांत केनेथ ब्रॅना मिरांडाच्या पतीच्या भूमिकेत आहेत. शिवाय तमिळ वंशाच्या ब्रिटिश अभिनेत्री सिमोन ॲश्ली, लूसी लिऊ आणि जस्टिन थरू आहेत. अँडीच्या मैत्रिणीची भूमिका करणाऱ्या ट्रेसी थॉम्स परतल्या. अँडीचा प्रियकर नेट साकारणारे एड्रियन ग्रेनिअर मात्र परतलेल्यांत नाहीत. अँडीकडून आपला वाढदिवस चुकल्यावरून तोंड फुगवून बसणारा हा नेट 2006 मध्ये अनेकांना समंजस वाटला होता. पुढच्या वर्षांत प्रेक्षकांचे मत इतके फिरले की चित्रपटातला खरा खलनायक तोच, असे लोक उघड म्हणू लागले.