बास मासेमारी, इलिनॉय

अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातील तळी व जलाशयांत ब्लॅक बास माशांची गळाने केली जाणारी हौशी मासेमारी. लार्जमाउथ व स्मॉलमाउथ या येथील दोन प्रमुख जाती सेंट्रार्किडी कुलातील आहेत. आपल्याकडे 'सी बास' म्हणून विकला जाणारा जिताडा निराळ्या कुलातला. मिटलेल्या तोंडाचा वरचा जबडा डोळ्याच्या मागे गेला असेल तर मासा लार्जमाउथ समजावा.

नामकरणाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. फ्रेंच निसर्गवैज्ञानिक लासेपेद यांनी १८०२ मध्ये स्मॉलमाउथचे वर्णन केले. त्यांच्यापुढील नमुन्याचा पृष्ठपर, म्हणजे पाठीवरचा पर, बहुधा दुखावलेला होता. तुटून सुटा झालेला मागचा भाग त्यांना स्वतंत्र इवलासा पर वाटला आणि प्रजातीला 'मायक्रॉप्टेरस', म्हणजे लहान पराचा, हे नाव पडले. चूक उघड झाली तरी नावाच्या अग्रक्रमामुळे, म्हणजे आधी दिलेले नाव कायम ठेवण्याच्या रीतीमुळे, ते टिकले. लार्जमाउथला दीर्घकाळ लावलेले 'सॅल्मॉइडस' हे जातिनाम लासेपेद यांनी कॅरोलायनातून आलेल्या वर्णनावरून दिले होते. २०२२ मधील जनुकीय अभ्यासानुसार ते फ्लोरिडा बास या वेगळ्या जातीला लागू होते. इलिनॉयमधील मूळच्या लार्जमाउथसाठी फ्रेंच प्राणिवैज्ञानिक क्यूव्ह्ये यांचे १८२८ चे 'निग्रिकन्स' योग्य ठरते. हेच मत अधिक ग्राह्य वाटते. जुन्या ग्रंथांत मात्र 'सॅल्मॉइडस'च आढळेल.

ईशान्येकडील फॉक्स चेन ही हिमनदीजन्य तळी सोडल्यास राज्यातील बहुतेक मोठे जलाशय धरणांमुळे झालेले आहेत. कॅस्कॅस्किया नदीवरील कार्लाइल व शेल्बीव्हिल, बिग मडीवरील रेंड आणि १९३० च्या दशकात बांधायला घेतलेले क्रॅब ऑर्चर्ड ही त्यांपैकी काही. न्यूटन व क्लिंटन हे वीजकेंद्रांचे शीतन जलाशय आहेत. तेथे कोमट पाणी सुटत असल्याने ऐन थंडीतही बास आमिषाला लागतो. पाणवनस्पतींची कड आणि बुडालेली झाडे या नेहमीच्या जागा. प्लास्टिकचे गांडूळ हे रुळलेले आमिष.

या माशाच्या अभ्यासात इलिनॉयचे स्थान खरोखर मोठे आहे. इलिनॉयचे निसर्गवैज्ञानिक स्टीफन फोर्ब्स यांनी १८८७ मध्ये पिओरिया येथे तळ्याला सूक्ष्मविश्व म्हणणारा निबंध वाचला, तेव्हा उदाहरण घेतले ते ब्लॅक बासचेच : हा मासा समजायचा तर त्याचे भक्ष्य, त्या भक्ष्याचे भक्ष्य आणि त्याचे स्पर्धकही समजले पाहिजेत. चार्ल्सटनजवळच्या रिज लेक या छोट्या तळ्यात मत्स्यवैज्ञानिक जॉर्ज बेनेट यांनी १९४१ पासून गळाला लागलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली आणि ठरावीक काळाने तळे रिकामे करून उरलेले मासे मोजले.

त्याच तळ्यात पुढे पकडलेला प्रत्येक बास खूण करून सोडला जाई. १९७७ मध्ये पाणी काढले तेव्हा १,७०० हून अधिक बास हाती आले. त्यांतील सुमारे २०० गळाला कधीच लागले नव्हते, तर काही पुनःपुन्हा लागले होते. दोन्ही गटांची निवडक पैदास तीन पिढ्या केल्यावर गळाला लागण्याची प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असल्याचे दिसले. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले.

वसंतात नर शेपटीने तळ झाडून उथळ घरटे करतो आणि अंडी व पिले राखतो. सहज गळाला लागणाऱ्या वंशातले नर ही राखण अधिक नेटाने करतात. असा नर उचलला की जवळच टपलेले ब्लूगिल हे छोटे मासे काही मिनिटांत घरट्यावर तुटून पडतात. म्हणूनच पकडलेला बास, विशेषतः विणीच्या काळात, तेथल्या तेथे आणि विनाविलंब सोडणे महत्त्वाचे ठरते.