एमएसीडीने वर छेद दिला म्हणजे भाव वाढणारच?
'एमएसीडीची रेषा सिग्नल रेषेच्या वर गेली की शेअर घ्या, वाढणारच' हा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. तशी खात्री नसते. एमएसीडी हा शेअरच्या चार्टवरचा एक निर्देशक: दिवसअखेरच्या बंद भावांच्या 12 आणि 26 दिवसांच्या एक्स्पोनेन्शियल (अलीकडच्या भावांना जास्त वजन देणाऱ्या) सरासरींमधला फरक. सिग्नल रेषा ही त्या फरकाचीच 9 दिवसांची सरासरी. सगळा हिशेब होऊन गेलेल्या भावांचा. घसरणीचा वेग नुसता मंदावला तरी रेषा वर छेदते, भाव मात्र उतरतच राहू शकतो. हे आधी सांगायला हवं!

पडताळायला एखाद्या शेअरचा दोन-तीन वर्षांचा डेली चार्ट उघडा. वरच्या प्रत्येक छेदानंतर दुसऱ्या दिवशी खरेदी, उलट छेदानंतर विक्री धरा आणि ब्रोकरेजसकट नफा-तोटा मांडा. भाव एकाच पट्ट्यात अडकलेले महिने मुद्दाम बघा: तिथे छेदामागून छेद येतात आणि छोटे तोटे साचत जातात.