‘कोठवर?’ या प्रश्नाची पार्श्वभूमी

रविवारच्या उपासनेत साक्षीची वेळ आली की उभं कोण राहतं? ज्याला नोकरी लागली तो, जिचा रिपोर्ट चांगला आला ती. “प्रभूने प्रार्थना ऐकली,” असं ते सांगतात आणि मंडळी हल्लेलूया म्हणते. मूल व्हावं म्हणून सात वर्षं उपवास-प्रार्थना करणारं जोडपं मात्र मागच्या बाकावर बसून राहतं. त्यांच्यापाशी साक्ष नाही असं नव्हे. ती द्यायची कशी, याची रीत आपल्याकडे मोडली आहे. पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ती रीत होती.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी जवळपास एक तृतीयांश विलापाची आहेत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत ‘कोठवर?’ हा सवाल चार वेळा येतो. अशी बहुतेक स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, अठ्ठ्याऐंशीवं वळत नाही. मूळ हिब्रूत त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’ असा आहे. आणि हे स्तोत्र कुणी एकांतात पुटपुटावं म्हणून लिहिलेलं नाही. त्याच्या मथळ्यात ‘मुख्य गवयासाठी’ अशी सूचना आहे, म्हणजे ही तक्रार चारचौघांत, सूर लावून गायची होती. हिब्रूत आशेला ‘तिकवा’ म्हणतात, आणि यरीहो शहरातल्या राहाबेने सुटकेची खूण म्हणून खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीलाही यहोशवाच्या पुस्तकात हाच शब्द आहे. दोरी बांधून झाली तरी पुढे वाट पाहावी लागतेच.

नव्या करारात तर ‘नाही’ हे उत्तर खुद्द येशूच्या वाट्याला आलं. गेथशेमाने बागेत त्याने दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलं, प्याला टळला नाही. वधस्तंभावर त्याच्या तोंडी बाविसाव्या स्तोत्राची पहिली ओळ आली: “एली, एली, लमा सबखथनी?”, म्हणजे ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ शुभ शुक्रवारच्या तीन तासांच्या उपासनेत वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात प्रवचनं होतात, त्यातला हा चौथा. माझं निरीक्षण असं, की याच उद्गारावर बोलणारे सर्वांत लवकर पुनरुत्थानाकडे धाव घेतात. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे कसलीशी पीडा, निघावी म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरेशी आहे एवढंच उत्तर मिळालं. आरंभीची मंडळी ‘मारानाथा’, म्हणजे ‘प्रभू, ये’, अशी प्रार्थना करत होती. थेस्सलनीकात वाट पाहता पाहता माणसं मरू लागली, तेव्हा त्यांचं पुढे काय, या प्रश्नाला पौलाला पत्रातून उत्तर द्यावं लागलं. नाताळाआधीचे आगमनकाळाचे चार रविवार म्हणजे हीच वाट पाहणं दिनदर्शिकेत बसवलेलं. आपण ते केक आणि कॅरलच्या तयारीत घालवतो, ती गोष्ट वेगळी.

चौथ्या शतकातल्या मोनिकाची गोष्ट प्रवचनांत नेहमी येते, पण अर्धीच. मुलगा ऑगस्टीन सुधारावा म्हणून ती वर्षानुवर्षं रडली आणि ३८७ साली त्याचा बाप्तिस्मा झाला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. मधला प्रसंग गाळला जातो. ऑगस्टीन कार्थेजहून रोमला निघाला होता. त्याने जाऊ नये म्हणून ती बंदराजवळच्या एका प्रार्थनास्थळी रात्रभर प्रार्थना करत होती. त्याच रात्री तिला फसवून तो जहाजात बसला. पुढे त्यानेच लिहिलं, की देवाने आईचं त्या रात्रीचं मागणं नाकारलं, ते तिचं कायमचं मागणं पुरवण्यासाठी. हा अर्थ मागे वळून पाहताना लागला. त्या सकाळी किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मोनिकेला तो कुठून दिसावा?

मराठी ख्रिस्ती मंडळीचा आरंभही असाच. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे अमेरिकन मिशनरी फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारने त्यांना परत जायला सांगितलं होतं. हॉल टिकून राहिले, मराठी शिकले, रस्तोरस्ती बोलले. १८२६ च्या मार्चमध्ये नाशिक भागातल्या दौऱ्यावर कॉलऱ्याने ते गेले, तेव्हा तेरा वर्षांच्या कामाला आलेली फळं बोटांवर मोजावी इतकीच होती.

पण वाट पाहण्याची शाळा म्हणावी ती पंडिता रमाबाईंच्या आयुष्यालाच. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचं कुटुंब दक्षिणेत तीर्थामागून तीर्थ फिरत होतं. नवस, दानधर्म, पारायणं यांत होतं नव्हतं ते संपलं. शेवटी रानात अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजुरांवर निघाले, असं त्यांनी पुढे आपल्या साक्षीत लिहिलं. वडील अनंतशास्त्री गेले, मग आई, मग थोरली बहीण. जाण्यापूर्वी वडिलांनी या धाकट्या लेकीला जवळ घेतलं. तुला देवाच्या हाती सोपवलं आहे, आयुष्यभर त्याचीच सेवा कर, असं त्यांनी सांगितलं.

१८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. प्रश्न तिथेच मिटला असं सांगणं सोपं, पण त्यांनी स्वतः तसं सांगितलं नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त मात्र बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी सापडला, ही त्यांची कबुली. तोवर विधवा मुलींसाठीचं त्यांचं शारदा सदन सुरूही झालं होतं. आतून कोरडं वाटत असताना बाई कामाला लागल्या होत्या.

रमाबाईंनी केडगावला उभारलेल्या मुक्ती मिशनचा १९०५ चा आत्मिक जागर सगळे सांगतात. जानेवारीत काही मुली रोज प्रार्थनेला जमू लागल्या, जूनअखेर सारं आवार त्या जागराने भरून गेलं. ही मिळालेल्या उत्तराची गोष्ट, म्हणून ती साक्षीत बसते. न बसणारी गोष्ट १९२१ ची. ज्यांच्या हाती मुक्तीचा कारभार सोपवायचा होता, त्या एकुलत्या कन्या मनोरमाबाई जुलैमध्ये चाळिसाव्या वर्षी गेल्या. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या आणि कानांनी जवळजवळ काही ऐकू येत नव्हतं.

त्यांच्या मेजावर तेव्हा बायबलचं भाषांतर होतं. खेड्यातल्या बाईलाही कळेल अशा सोप्या मराठीत, थेट हिब्रू आणि ग्रीकवरून. त्यासाठी त्या दोन्ही भाषा शिकल्या होत्या. काम दीड तप चाललं होतं, आणि छपाईचे खिळे जुळवणारे हातही मुक्तीतल्याच बायकांचे होते. लेक गेल्यावरही मुद्रितं येत राहिली आणि त्या तपासत राहिल्या. ती पुरी होईतो आयुष्य मिळावं एवढं मागणं त्यांनी केलं होतं, असं सांगतात. काम हातावेगळं झालं, आणि ५ एप्रिल १९२२ च्या पहाटे झोपेतच त्या गेल्या.